पूजेत मांडलेला मास्क

सिनेमा बघताना बोलायला मला आमच्या घरात बंदी आहे. बंदी घातली सुलभाने, म्हणजे माझ्या बायकोने. "तुमच्याबरोबर सिनेमा बघणं म्हणजे फॅक्टरी इन्स्पेक्टरला पंगतीत शेजारी बसवून घेणं," असं ती म्हणते आणि त्यात खोटं काही नाही. जिना दिसला की माझं लक्ष कठड्याकडे जातं. नायिका छतावर गाणं म्हणत असली तर मी पाण्याच्या टाकीचं झाकण उघडं आहे का ते बघतो. तीस वर्षं मी अंबरनाथच्या एमआयडीसीत एका रासायनिक कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होतो. कारखाना आता नाही, त्या जागेवर गोदाम उभं आहे. डोळ्यांना लागलेली सवय मात्र निवृत्त होत नाही.

यंदा उन्हाळ्यात गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि दोन महिने मी बदलापूरला हेंद्रेपाड्यातल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये अडकून पडलो. मुलगा पुण्याला असतो, त्याने येऊन टीव्हीला काय काय जोडून दिलं. उभ्या जन्मात बघितले नव्हते तेवढे सिनेमे त्या दोन महिन्यांत बघितले. त्यांतल्या दोनांबद्दल, आणि नंतर थिएटरात बघितलेल्या तिसऱ्याबद्दल लिहावं म्हणतो. पहिल्या दोनांचं लवकर आटपेल. तिसऱ्यासाठी हे लिहायला घेतलं आहे, आणि ते लिहिणं मी बरीच वर्षं टाळलं होतं.

पहिला हिंदी. खलनायक एका मॉलमध्ये सिलिंडर उघडतो आणि हिरवा धूर जमिनीवरून सरपटत निघतो. माणसं गळा धरतात, खोकतात, एकमेकांच्या अंगावर पडतात. नायक रुमाल पाण्यात भिजवतो, तोंडाला बांधतो आणि त्या धुरातून सरळ चालत जातो. मी हसलो, मग मला राग आला आणि मी बोलायला लागलो. सुलभाने रिमोट माझ्या हातून काढून घेतला.

सिनेमातल्या वायूला रंग असतो, कारण प्रेक्षकाला तो दिसायला हवा. आमच्याकडचा सगळ्यात धोक्याचा वायू म्हणजे नायट्रोजन. त्याला रंग नाही, वास नाही, आणि खरं तर तो विषारीही नाही. आपण श्वासात घेतो त्या हवेत सगळ्यात जास्त तोच असतो. कारखान्यात मोठ्या बंद भांड्यात, ज्याला आम्ही रिॲक्टर म्हणतो, रसायनाला आग लागू नये म्हणून नायट्रोजन भरून ठेवतात. म्हणजे आतली प्राणवायू असलेली हवा हाकलून लावतात. अशा भांड्यात माणूस उतरला तर तो गळा धरत नाही. खोकत नाही. त्याला काही कळतच नाही. एक श्वास, दुसरा श्वास, आणि बोलता बोलता तो खाली बसतो. भिजवलेल्या रुमालाचा तिथे हात पुसायलाच उपयोग.

म्हणून रिॲक्टर साफ करायला माणूस आत उतरवायचा तर त्याआधी परमिट लागतं. परमिट म्हणजे एक कागद. नायट्रोजनची नळी नुसता व्हॉल्व्ह फिरवून बंद केली की सोडवून वेगळी केली, आतली हवा मीटर लावून तपासली का, वर तोंडाशी एक माणूस लक्ष ठेवायला उभा आहे का, श्वासाचा मास्क जवळ आहे का. प्रत्येकापुढे बरोबरची खूण करायची आणि खाली सेफ्टी ऑफिसरने सही करायची. नियम असा की ही सही भांड्याच्या तोंडाशी उभं राहून, सगळं डोळ्यांनी बघून करायची. सेफ्टी ऑफिसर म्हणजे लग्नाच्या पंगतीत "बेताने जेवा" सांगत फिरणारा माणूस. कुणालाच नको असतो. प्रॉडक्शनवाले मला "आले हो शनिमहाराज" म्हणत, आणि मलाही त्यात थोडी ऐट वाटायची.

निवृत्तीनंतर काही दिवस मी उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये छोट्या वर्कशॉपवाल्यांना सल्ले द्यायला जात होतो. तिथे एक सिंधी शेठ भेटले. उंचावर चढून पत्रे ठोकणारी चार माणसं त्यांच्याकडे होती. मी चौघांसाठी चार सेफ्टी बेल्ट घ्यायला सांगितले. शेठनी मला लस्सी पाजली आणि म्हणाले, "साईं, आदमी चार हैं, पर ऊपर तो एक टाइम पे एक ही चढ़ता है. तो बेल्ट एक ही लिखो ना." तीन महिन्यांनी गेलो तर तो एक बेल्ट त्यांच्या केबिनमध्ये खिळ्याला लटकत होता, प्लास्टिकच्या पिशवीसकट तसाच. "कस्टमर आता है तो दिखाता हूँ," शेठ म्हणाले. ही गोष्ट मी बरीच वर्षं लोकांना हसवायला सांगत असे. हसण्याचा अधिकार मला नव्हता, ते पुढे कळेलच.

दुसरा सिनेमा परदेशी होता, कुठल्याशा थंड देशातल्या जहाजदुरुस्तीच्या गोदीतला. सुलभा पंधरा मिनिटांत झोपली. जहाजाच्या रिकाम्या टाकीत एक कामगार उतरतो आणि पडतो. वर त्याचे सोबती जमतात, एकजण खाली उडी घ्यायला निघतो, तर म्हातारा मुकादम टाकीच्या तोंडावर चक्क बसतो. शिव्या खातो, कुणीतरी त्याच्या तोंडात मारतं, रक्त येतं, तरी हलत नाही. मास्क आणि मीटर येईपर्यंत तो कुणालाच आत जाऊ देत नाही. बराच वेळ पडद्यावर दुसरं काही घडतच नाही, नुसतं थांबणं. शेवटी मास्क घालून माणसं उतरतात आणि प्रेत वर काढतात. एकच. पुढचा सगळा सिनेमा गाव त्या मुकादमाशी बोलायचं कसं बंद करतं त्याचा आहे. दुकानदार त्याला पाव द्यायला नाही म्हणतो. मेलेल्याचा भाऊ त्याच्या दारात येऊन थुंकतो.

मी मधे एक शब्द बोललो नाही. सिनेमा संपल्यावर सुलभा जागी झाली आणि म्हणाली, "कसा होता?" मी म्हणालो, बरा होता. त्या माणसाने बरोबर केलं होतं आणि त्याची शिक्षा तो भोगत होता. मी चूक केली होती आणि दर वर्षी सुरक्षा सप्ताहात कंपनीने माझा सत्कार केला. दोन दिवस मला धड जेवण गेलं नाही, आणि ते गुडघ्याच्या गोळ्यांमुळे असं मी सुलभाला सांगितलं.

आता तिसरा.

आमच्या कारखान्यात लॅबमध्ये फणसे नावाचे केमिस्ट होते. निवृत्तीनंतर त्यांनी कादंबरी लिहिली, ती गाजली, आणि तिच्यावर यंदा सिनेमा निघाला. कादंबरी आमच्याच कारखान्यात वीस-बावीस वर्षांपूर्वी झालेल्या अपघातावर आहे. अपघात झाला तेव्हा फणसे लॅबमध्ये होते, त्यांनी काहीच बघितलं नव्हतं. त्यांना ते सगळं मी सांगितलं. कादंबरीत एक ऑपरेटर आहे. रिॲक्टरमध्ये पडलेल्या कंत्राटी कामगाराला वाचवायला तो आत उडी घेतो. सेफ्टी ऑफिसर जिवाच्या आकांताने "थांब!" म्हणून ओरडतो, पण तो ऐकत नाही, आणि दोघंही मरतात. फणशांनी फार सुरेख लिहिलं आहे. मी ते वाचून त्यांना फोन केला आणि अभिनंदन केलं.

खऱ्या ऑपरेटरचं नाव सुभाष अहिरे. कॅम्प चारला राहायचा, बायको शकुंतला आणि चार वर्षांची मुलगी प्रज्ञा. खऱ्या कंत्राटी कामगाराचं नाव जनार्दन, वांगणीच्या बाजूचा. त्याच्या घरचे नंतर गाव सोडून गेले, मी त्यांचा शोध घेतला नाही. हे छापण्याआधी अहिरेवहिनींना फोन करून विचारलं. त्या एवढंच म्हणाल्या, "नावं बदलू नका."

तर, खंडेनवमी. दसऱ्याला कारखान्याला सुट्टी, म्हणून यंत्रांची पूजा आदल्या दिवशी होई. अंबरनाथच्या सगळ्या एमआयडीसीत त्या दिवशी झेंडूचा वास असतो. आमच्याकडे चार दिवस आधीपासून प्लांट बंद ठेवून सफाई, रंग, रांगोळ्या. मोठे साहेब सहकुटुंब येत, म्हणून भांडी आतून-बाहेरून लख्ख हवीत. गेटच्या आत मांडव घालून एका लांब टेबलावर आयुधं मांडली जात. फिटरचे पाने, इलेक्ट्रिशियनचा मीटर, लॅबमधली काचेची भांडी. त्या वर्षी मला वाटलं, सगळ्या खात्यांचं काही ना काही पूजेला असतं, सेफ्टीचं कधीच नसतं. तिसऱ्या मजल्यावर रिॲक्टरजवळ भिंतीला श्वासाचा मास्क आणि त्याचा सिलिंडर टांगलेला असे. सगळ्या प्लांटमध्ये तसा तो एकच. मी तो काढवून घेतला, पुसवून घेतला आणि टेबलाच्या मधोमध ठेवायला लावला. हळदकुंकू मी स्वतः वाहिलं. झेंडूचा हारही मीच घातला.

त्या सकाळी सात परमिटं माझ्या टेबलावर आली. गुरुजी साडेदहाला येणार होते. सात जागी जाऊन, मजले चढून, बघून सही करायची तर बारा वाजले असते. मी खुर्चीत बसूनच साती सह्या केल्या. आमच्याकडे तसंच चालत आलं होतं. मीटर न लावताच आकडा लिहिलेला होता, नायट्रोजनची नळी सोडवल्याची खूण केलेली होती. प्रत्यक्षात नुसता व्हॉल्व्ह बंद केला होता आणि तो गळत होता. "मास्क जवळ आहे" याही रकान्यात खूण होती. त्या कागदावर सही करताना मास्क मला खिडकीतून दिसत होता, खाली मांडवात, हार घातलेला.

दहाच्या सुमारास मी "आटपा रे, गुरुजी येतील" म्हणायला वर गेलो. नवा शर्ट घातला होता. तोंडाशी उभा असलेला माणूस ओरडला, "साहेब, जनार्दन पडला." मी वाकून बघितलं. जनार्दन तळाला बसल्यासारखा होता, मान छातीवर, हातात बोळा. मी त्या माणसाला म्हणालो, पळ, मास्क आण. तो सवयीने भिंतीकडे गेला, तिथे रिकामा हूक. मग त्याला आठवलं आणि तो जिने उतरत खाली धावला. आता वर दोघंच उरलो, मी आणि सुभाष अहिरे.

मी अहिरेला उतरायला सांगितलं.

हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा लिहितो आहे. नायट्रोजनवर वर्गच्या वर्ग घेतलेला माणूस मी. पहिल्याला वाचवायला दुसरा उतरतो आणि दुसराच आधी मरतो, हे मी फळ्यावर चित्र काढून शिकवत असे. आणि मीच त्याला खाली पाठवलं. का, ते अजून मला नीट सांगता येत नाही. आतला माणूस डोळ्यांसमोर होता, हाताने ओढून काढावा इतका जवळ. मी स्वतः का उतरलो नाही, हे मात्र सांगता येतं. पोट सुटलेलं होतं, तोंडातून मावलो नसतो, असं एक उत्तर मी तयार ठेवलं होतं, पण कुणी विचारलंच नाही. खरं उत्तर असं की तो विचार माझ्या मनातसुद्धा आला नाही. उतरायचं कुणी आणि वर उभं राहायचं कुणी, हे आमच्याकडे कधी ठरवावं लागत नसे. पहिला जनार्दन, दुसरा अहिरे, आणि वर उभा मी, प्रधान. आडनावं बघितली तरी पुरे.

शिडीच्या चौथ्या पायरीवर त्याचा हात सुटला. आवाज फार मोठा आला नाही.

मास्क आला तेव्हा त्याच्या काचेवर कुंकू होतं. ते पुसल्याशिवाय घालणाऱ्याला समोरचं दिसेना. दोघांना वर काढलं तेव्हा काही उरलं नव्हतं. खाली गुरुजी येऊन बसले होते, कुणीतरी त्यांना जा म्हणून सांगितलं.

त्याच दुपारी मॅनेजरनी मला केबिनमध्ये घेतलं. "प्रधान, वर तुम्ही दोघंच होतात. तो स्वतःहून गेला असं म्हणालात तर त्याचं नाव मोठं होईल, घरच्यांना अभिमान राहील. तुमचंही भागेल. यात नुकसान कुणाचं आहे?" मी जबानी दिली: अहिरे यांनी माझ्या मनाईला न जुमानता, सहकाऱ्याला वाचवण्यासाठी आत उडी घेतली. नुकसान कुणाचंच नाही, हे मला पटलं होतं. पुढची सगळी वर्षं पटलेलं होतं. दर सुरक्षा सप्ताहात अहिरेच्या फोटोला हार घातला जाई आणि त्याच्या शौर्यावर भाषण मी करी. वहिनी आणि प्रज्ञा पहिल्या रांगेत असत. प्रज्ञा मला काका म्हणायला लागली. दहावी झाली तेव्हा पेढे घेऊन बदलापूरपर्यंत आली. आता ती कल्याणला एका शाळेत शिकवते.

सिनेमा आला तेव्हा तिकिटं तिनेच काढली. अंबरनाथला, मल्टिप्लेक्समध्ये, दुपारचा खेळ. कादंबरीत फणशांनी पूजेचा भाग घेतलाच नव्हता. सिनेमावाल्यांनी घेतला, पण गाणं म्हणून. ढोलताशे, फेटे, यंत्रांभोवती नाचणाऱ्या मुली. मास्क आपला भिंतीवर जागच्या जागी लटकत होता. सेफ्टी ऑफिसरचं काम करणारा नट देखणा होता, केस माझ्यापेक्षा पुष्कळ बरे. आणि मग तो प्रसंग आला. ऑपरेटर खिशातून लहान मुलीचा फोटो काढतो, बघतो, परत खिशात ठेवतो. ऑफिसर हात पसरून ओरडतो, "थांब!" पुन्हा एकदा, "थांब!" ऑपरेटर हसतो आणि उडी घेतो. थिएटरमध्ये टाळ्या पडल्या. प्रज्ञा रडत होती आणि रडता रडता टाळ्या वाजवत होती.

वहिनी उठून बाहेर गेल्या. माझी खुर्ची कडेची होती, मी काठी टेकत मागे गेलो. त्या बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. मी म्हणालो, "पाणी आणू का?"

"नको," त्या म्हणाल्या. "तुम्ही दोनदा थांब बोललात ना?"

"सिनेमात?"

"सिनेमात, पुस्तकात, तुमच्या भाषणात. दर वर्षी ऐकलंय मी. तुम्ही थांब बोलता आणि हा माणूस थांबत नाही." त्या समोर बघत बोलत होत्या, माझ्याकडे नाही. "लोकं टाळ्या वाजवतात, साहेब. मला राग येतो. चार वर्षांची पोरगी घरी, मी भाजी चिरत बसलेली, आणि याला दुसऱ्याला वाचवायचंय. आमचा विचार नाही आला? एक मिनिट पण नाही? घरी फोटोशी भांडते मी. काय काय बोलते ते पोरीला पण माहीत नाही. तुला आम्ही कधी नकोच होतो, असं पण बोलले आहे."

मी त्यांच्या शेजारी बसलो. आतून गाण्याचा आवाज येत होता. नुकसान कुणाचं आहे, या प्रश्नाचं उत्तर बाकावर माझ्या शेजारी बसलं होतं, आणि मी तोंड उघडलं नाही. थोड्या वेळाने प्रज्ञा बाहेर आली, डोळे पुसत हसली आणि म्हणाली, "काका, बाबा अगदी असेच होते ना?"

मी म्हणालो, "हो."

त्यानंतर आठ दिवस काढले. फणशांना फोन करून खरं सांगितलं, सगळ्यात आधी त्यांना, कारण ते सोपं होतं. ते म्हणाले, "प्रधान, आता कशाला? त्या बाईला सन्मान मिळाला आहे, तो काढून घेणार का?" सुलभाला सांगितलं. ती उठून आत गेली आणि दुपारभर बाहेर आली नाही. संध्याकाळी एवढंच म्हणाली, "उद्या रविवार आहे. प्रज्ञा घरी असेल."

कॅम्प चारला त्यांच्या दोन खोल्या आहेत, खालच्या मजल्यावर. बाजूच्या गाळ्यात जीन्स शिवायची मशीनं चालतात, रविवारीसुद्धा. भिंतीवर बुद्ध, बाबासाहेब आणि त्यांच्या खाली सुभाष, कारखान्याच्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून लावलेला. वहिनी मेथी निवडत होत्या. प्रज्ञाने मला खुर्ची दिली आणि ती चहा ठेवायला निघाली. मी म्हणालो, "बस, आधी ऐक. चहा द्यायचा की नाही ते मग ठरव."

मी सांगितलं. मास्क कुठे होता, सह्या कुठे केल्या, वर कोण होतं. ते स्वतःहून उतरले नाहीत, मी उतरवलं, आणि "थांब" हा शब्द मी त्या दिवशी उच्चारलासुद्धा नाही. प्रज्ञा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ती म्हणाली, "काका, तुम्ही काय बोलताय?" आणि तेच पुन्हा एकदा म्हणाली. मी वहिनींकडे बघत होतो.

वहिनींनी मेथीची जुडी खाली ठेवली. "तुम्ही उतर बोललात. ते काय बोलले?"

"वहिनी..."

"काय बोलले ते सांगा. त्यांचे शब्द सांगा."

हे मी फणशांना सांगितलं नव्हतं, सुलभालाही नाही. "म्हणाला, 'साहेब, मास्क येऊ द्या की. दोन मिनिटं थांबतो, मग उतरतो.'"

"मग?"

"मी म्हणालो, तेवढा वेळ नाही. तू उतर, मी वरून दोरी धरतो."

"दोरी होती?"

"नव्हती."

मशीनं चालू होती. प्रज्ञा दारातच खाली बसली. वहिनी रडल्या नाहीत. त्या उठल्या, दोन पावलं भिंतीपाशी गेल्या आणि फोटोसमोर उभ्या राहिल्या. माझ्याकडे पाठ होती.

"ऐकलंस?" त्या प्रज्ञाला म्हणाल्या. "थांबतो बोलले होते. तुझे बाबा थांबतो बोलले होते."

मी काठी घेतली आणि उठलो. वहिनी वळल्या नाहीत. फोटोकडे बघतच, भाजीचा भाव सांगावा इतक्या साध्या आवाजात त्या म्हणाल्या, "हे तेव्हा सांगितलं असतंत, साहेब, तर मी यांना इतकं वाईट बोलले नसते."